औषध-प्रथिन बंधनाचे संगणकीय सदृशीकरण

औषध-प्रथिन बंधनाचे संगणकीय सदृशीकरण म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनाला कोठे, कोणत्या मार्गाने, किती घट्ट आणि किती काळ जोडलेला राहतो, हे भौतिकशास्त्राच्या नियमांवर आधारलेल्या गणिताने संगणकावर अभ्यासण्याची पद्धत होय. सदृशीकरणाला व्यवहारात सिम्युलेशन असेही म्हणतात. बहुसंख्य औषधे शरीरातील किंवा रोगजंतूमधील एखाद्या विशिष्ट प्रथिनाला जोडली जाऊन त्याचे कार्य थांबवतात अथवा बदलतात. अशा रीतीने प्रथिनाला जोडल्या जाणाऱ्या लहान रेणूस लिगँड म्हणतात, आणि प्रथिनाच्या ज्या खोबणीत तो बसतो तिला बंधस्थान म्हणतात. प्रयोगशाळेत बंधनापूर्वीची व बंधनानंतरची स्थिती पाहता येते. त्या दोहोंमधील घटनाक्रम नॅनोसेकंद व मायक्रोसेकंदांत आटोपतो आणि अणूंच्या पातळीवर तो प्रत्यक्ष पाहणे बहुधा फार अवघड असते. सदृशीकरणाचे मुख्य प्रयोजन ही उणीव भरून काढणे हे आहे.

पार्श्वभूमी

जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकर आणि त्यावर क्रिया होणारा पदार्थ यांच्या संबंधाला कुलूप व किल्लीची उपमा दिली. ही उपमा इतकी समर्पक होती की, शालेय पाठ्यपुस्तकांत ती आजही आढळते. मात्र तीत प्रथिन ही ताठ, न हलणारी वस्तू आहे असे गृहीत धरलेले आहे. १९५८ मध्ये डॅनियल कोशलँड यांनी प्रेरित जुळणीची कल्पना मांडली. तिच्यानुसार लिगँड जवळ आल्यावर प्रथिन आपला आकार बदलून त्याला सामावून घेते. पुढे याच्या उलट दिशेचा विचारही पुढे आला. प्रथिन मुळातच अनेक आकारांमध्ये सतत हेलकावे खात असते आणि लिगँड त्यांपैकी आपल्याला सोयीचा आकार पकडून ठेवतो, असा हा विचार आहे. त्याला आकारनिवड असे म्हणता येईल. प्रत्यक्षात बहुतेक प्रथिनांमध्ये दोन्ही प्रक्रिया कमीअधिक प्रमाणात घडतात.

ताठ प्रथिनाची कल्पना अपुरी आहे याचा सर्वांत बोलका पुरावा मायोग्लोबिनने दिला. स्नायूंमध्ये ऑक्सिजन साठवणाऱ्या या प्रथिनाची त्रिमितीय रचना जॉन केंड्रू यांच्या गटाने क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. त्या रचनेत ऑक्सिजन ज्या लोहाच्या अणूला जोडला जातो तो प्रथिनाच्या आत दडलेला आहे आणि बाहेरून तेथवर जाण्यास वाटच दिसत नाही. तरीही मायोग्लोबिनमध्ये ऑक्सिजन विनासायास ये-जा करतो. डेव्हिड केस आणि मार्टिन कार्प्लस यांनी १९७९ मध्ये गणिताने दाखवले की, प्रथिनाच्या पार्श्वशाखा क्षणभर बाजूला सरकल्या की ऑक्सिजनला वाट मिळते. स्फटिकातील रचना हे एक स्थिरचित्र असते आणि दार उघडण्याचा क्षण त्यात टिपला गेलेला नसतो.

बंधनाची ऊर्जा

लिगँड किती घट्ट बसतो हे मुक्त ऊर्जेतील फरकाने मोजतात. शरीराच्या तापमानाच्या आसपास हा फरक सुमारे १.४ किलोकॅलरी प्रति मोल इतका वाढला, की बंधन दहापट घट्ट होते. चांगले औषध नॅनोमोलर संहतीला, म्हणजे लिटरमध्ये मोलच्या एक अब्जांश भागाएवढे असतानाही, कार्य करते. त्यासाठी साधारण १२ किलोकॅलरी प्रति मोल इतकी बंधनऊर्जा लागते.

ही संख्या लहान आहे आणि अडचणीचे मूळ येथेच आहे. प्रथिन व लिगँड यांच्यातील आकर्षणाची एकूण बेरीज बरीच मोठी असते. परंतु लिगँड खोबणीत शिरण्यापूर्वी पाण्याने वेढलेला असतो आणि खोबणीतही पाणीच भरलेले असते. दोघांनाही आपापले पाणी सोडावे लागते, म्हणजे पाण्याशी जुळलेले हायड्रोजन बंध तोडावे लागतात. शिवाय मोकळेपणी वळणारा रेणू एका जागी अडकल्याने त्याची एन्ट्रॉपी घटते. उलटपक्षी, खोबणीतून बाहेर पडलेल्या पाण्याच्या रेणूंची एन्ट्रॉपी वाढते. या मोठ्या रकमांच्या वजाबाकीतून उरणारी छोटी रक्कम म्हणजे बंधनऊर्जा. मोठ्या रकमांत थोडी चूक झाली तरी उत्तर दहापटीने किंवा शंभरपटीने बिघडू शकते.

डॉकिंग

सदृशीकरणाचा सर्वांत जलद व सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार म्हणजे डॉकिंग. यात प्रथिन बहुधा स्थिर ठेवून लिगँडला खोबणीत अनेक तऱ्हांनी वळवून बसवले जाते आणि प्रत्येक मांडणीला गुण दिले जातात. आयर्विन कुंट्झ यांच्या गटाने १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात डॉक हा या प्रकारचा पहिला कार्यक्रम तयार केला. ऑटोडॉक आणि त्याचे पुढचे रूप ऑटोडॉक व्हिना हे विनामूल्य असल्याने महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही रुळले आहेत.

लाखो संयुगांच्या यादीतून तपासण्याजोगी काही शेकडा संयुगे निवडण्यासाठी डॉकिंग उपयुक्त आहे. मात्र त्याच्या गुणांकनात पाणी आणि एन्ट्रॉपी यांचा हिशेब ढोबळ असतो. त्यामुळे केवळ डॉकिंगच्या गुणांवरून एखादा पदार्थ अमुक रोगावर औषध ठरेल असा दावा करणे शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही. वनस्पतींतील घटकद्रव्यांविषयी असे दावे वारंवार प्रसिद्ध होतात. कोविड-१९ साथीच्या काळात तर त्यांचा पूर आला होता. त्यांकडे प्रयोगाने पडताळून पाहण्याजोगा अंदाज यापलीकडे महत्त्व देता येत नाही.

रेणवीय गतिकी

रेणवीय गतिकीत प्रथिन, लिगँड, भोवतालचे पाणी आणि क्षारांचे आयन यांतील प्रत्येक अणू स्वतंत्रपणे हलू दिला जातो. एका सदृशीकरणात काही दहा हजारांपासून काही लाखांपर्यंत अणू असतात. प्रत्येक अणूवर इतर अणूंमुळे पडणारे बल काढायचे, न्यूटनच्या गतिनियमांनुसार त्याला किंचित पुढे सरकवायचे आणि पुन्हा बल काढायचे, अशी ही पद्धत आहे. बल काढण्यासाठी लागणारी सूत्रे व स्थिरांक यांच्या संचाला बलक्षेत्र म्हणतात. त्यात अणूंमधील बंध हे स्प्रिंगप्रमाणे मानलेले असतात, अणूंवर अंशतः विद्युत्प्रभार ठेवलेला असतो आणि दूरच्या अणूंमध्ये व्हान डर वाल्स आकर्षण धरलेले असते. अँबर, चार्म, ओपीएलएस व ग्रोमोस ही प्रचलित बलक्षेत्रे आहेत.

एका पावलाचा कालावधी साधारणतः २ फेम्टोसेकंद असतो. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एकावर पंधरा शून्ये इतका लहान भाग. पाऊल याहून फार मोठे ठेवल्यास अणूंची जलद कंपने हातातून निसटतात आणि गणित कोसळते. एक मायक्रोसेकंद गाठण्यासाठी ५० कोटी पावले टाकावी लागतात आणि दर पावलाला सर्व अणूंवरील बले नव्याने काढावी लागतात.

या पद्धतीचा उगम प्रथिनांच्या अभ्यासात नाही. बर्नी ॲल्डर व थॉमस वेनराइट यांनी १९५७ मध्ये कठीण गोलकांच्या समूहावर ती प्रथम वापरली. खऱ्याखुऱ्या द्रवाचे पहिले सदृशीकरण अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत केले. त्यात द्रवरूप आरगॉनचे ८६४ अणू होते. हैदराबादेत जन्मलेल्या रहमान यांना या शास्त्राचे एक जनक मानले जाते. प्रथिनाचे पहिले सदृशीकरण अँड्रू मॅकॅमन, ब्रूस गेलिन आणि मार्टिन कार्प्लस यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. ५८ ॲमिनो अम्लांचे एक छोटे प्रथिन त्यांनी पाण्याविना, निर्वातात, सुमारे ९ पिकोसेकंद हलवून पाहिले. हा काळ सेकंदाच्या एक हजार अब्जांश भागाच्या नऊपट इतकाच होता. तरीही प्रथिनाचा गाभा घट्ट बांधलेला नसून द्रवासारखा हलता आहे, हे त्यातून प्रथमच स्पष्ट झाले.

२०१० मध्ये न्यूयॉर्क येथील डी. ई. शॉ रिसर्च या संस्थेने हेच प्रथिन, या वेळी पाण्यासह, एक मिलिसेकंद चालवून दाखवले. म्हणजे तेहेतीस वर्षांत काळाची मर्यादा १० कोटी पटींहून अधिक वाढली. त्यासाठी या संस्थेने केवळ रेणवीय गतिकीसाठी बनवलेला अँटन हा महासंगणक वापरला. सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणारे डच संशोधक अँटनी व्हान लेव्हेनहूक यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले आहे. याच सुमारास संगणकीय खेळांसाठी विकसित झालेले चित्रप्रक्रियक या गणितासाठीही उपयोगी ठरले आणि सामान्य प्रयोगशाळांनाही मायक्रोसेकंदांचे सदृशीकरण परवडू लागले. रासायनिक प्रणालींच्या बहुस्तरीय प्रतिमानांबद्दल कार्प्लस, मायकेल लेव्हिट आणि अरिए वॉर्शेल यांना २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

बंधनाचा मार्ग

२०११ हे वर्ष या विषयात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी निरनिराळ्या गटांनी औषधाचा रेणू पाण्यात मोकळा सोडून तो आपणहून बंधस्थान शोधतो का, हे पाहिले.

डी. ई. शॉ रिसर्चच्या गटाने सार्क या कायनेज विकराच्या भोवती दासाटिनिब हे कर्करोगावरील औषध सोडले. बंधस्थान कोठे आहे याची कोणतीही सूचना गणितात दिलेली नव्हती. रेणू प्रथिनाच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी आपटत, चिकटत आणि सुटत राहिला. अखेरीस तो खोबणीत शिरला आणि स्फटिकाच्या अभ्यासातून आधीच माहीत असलेल्या मांडणीत जवळपास तंतोतंत बसला. बलक्षेत्रात इतके सारे अंदाज असूनही निसर्गातले उत्तर मिळावे, ही अनेक संशोधकांनाही सुखद धक्का देणारी गोष्ट होती.

त्याच संस्थेने बीटा-२ ॲड्रिनर्जिक ग्राहीचाही अभ्यास केला. प्रोप्रॅनोलॉलसारखी रक्तदाबावरील औषधे या ग्राहीला जोडली जातात. अपेक्षा अशी होती की, खोबणीच्या अरुंद तोंडातून आत घुसणे हा सर्वांत अवघड टप्पा असेल. सदृशीकरणात निराळेच आढळले. पहिला आणि बहुधा सर्वांत मोठा अडथळा खोबणीपासून सुमारे १.५ नॅनोमीटर अलीकडे, ग्राहीच्या बाहेरील ओसरीसारख्या भागात होता. तेथे औषध आणि प्रथिन या दोघांनाही अंगावरचे बरेचसे पाणी झटकावे लागते. ही ओसरी अंतिम बंधस्थानाचा भाग नसल्याने स्थिरचित्रात तिचे महत्त्व लक्षात येण्याजोगे नव्हते.

तिसरा अभ्यास बार्सिलोना येथील पॉम्पेऊ फाब्रा विद्यापीठातील गटाचा आहे. त्यांनी ट्रिप्सिन हे पाचक विकर आणि त्याचा बेन्झॅमिडीन हा छोटा निरोधक यांची जोडी निवडली. एकच दीर्घ सदृशीकरण करण्याऐवजी त्यांनी १०० नॅनोसेकंदांची ४९५ स्वतंत्र सदृशीकरणे केली. त्यासाठी स्वयंसेवकांनी घरबसल्या देऊ केलेल्या संगणकांचे जाळे वापरण्यात आले. ४९५ पैकी १८७ वेळा बेन्झॅमिडीन योग्य जागी पोहोचले. या सर्वांची सांख्यिकीय सांगड घालून बंधनाचा व सुटण्याचा वेग काढण्यात आला. जोडले जाण्याचा वेग प्रयोगातील मूल्याच्या सुमारे पाचपट आला, हे समाधानकारक म्हणता येईल. सुटण्याचा वेग मात्र प्रयोगाच्या १०० पटींहून अधिक आला. संशोधकांनी हा फरक झाकला नाही. पुढील दशकभर नव्या पद्धतींची कसोटी म्हणून हीच जोडी वारंवार वापरली गेली.

मुक्त ऊर्जेची गणना

औषधनिर्मितीत प्रत्यक्ष प्रश्न बहुधा असा असतो की, हातातील रेणूवर एखादा अणुगट बदलला तर बंधन घट्ट होईल की सैल. त्यासाठी रेणू पाण्यातून खोबणीत जाईपर्यंत वाट पाहण्याची गरज नसते. संगणकात एका लिगँडचे दुसऱ्यात हळूहळू रूपांतर करता येते, एकदा पाण्यात आणि एकदा खोबणीत. प्रत्यक्षात अशक्य असलेल्या या दोन रूपांतरांच्या ऊर्जांमधील फरक हाच दोन लिगँडांच्या बंधनऊर्जांमधील फरक असतो. मुक्त ऊर्जा ही केवळ आरंभीच्या व अंतिम स्थितीवर अवलंबून असते, मार्गावर नाही, या तत्त्वाचा हा उपयोग आहे.

या पद्धतीचे गणिती मूळ रॉबर्ट झ्वान्झिग यांच्या १९५४ च्या सूत्रात आहे. लिगँड व ग्राही यांच्या बंधनासाठी ती वापरण्याची मांडणी बी. एल. टेंबे आणि अँड्रू मॅकॅमन यांनी १९८४ मध्ये केली. टेंबे हे पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. तो शोधनिबंध अवघ्या तीन पानांचा होता आणि त्यातील प्रणाली ही काही गोलकांची नमुनेदार आकृती होती. आज औषध कंपन्यांत दररोज चालणाऱ्या गणनांचे बीज त्यात आहे. अनुकूल परिस्थितीत या गणनेची सरासरी चूक सुमारे १ किलोकॅलरी प्रति मोल असते, म्हणजे बंधनाच्या घट्टपणात पाचपटींच्या आसपास.

इमॅटिनिबचे उदाहरण

सदृशीकरणाची गरज आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी इमॅटिनिबच्या अभ्यासात एकत्र दिसतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्तकर्करोगावरील हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या एका स्फटिकरूपाच्या पेटंटवरून सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी दिलेल्या निकालामुळे भारतात ते नाव सर्वतोमुखी झाले. इमॅटिनिब ॲबल या कायनेजला घट्ट जोडले जाते. सार्क हे ॲबलचे जवळचे भावंड असून दोघांची खोबण जवळपास सारखी आहे आणि स्फटिकात औषध दोघांतही एकाच पद्धतीने बसलेले दिसते. तरीही सार्कशी त्याचे बंधन हजारो पटींनी सैल आहे.

स्थिर रचनांची तुलना करून या फरकाचे कारण सापडले नाही. एक स्पष्टीकरण असे होते की, औषधाला लागणारा निष्क्रिय आकार ॲबल सहज धारण करते, सार्कला मात्र त्यासाठी बरीच ऊर्जा खर्चावी लागते. शिकागो विद्यापीठातील बेनुआ रू यांच्या गटाने २०१३ मध्ये मुक्त ऊर्जेच्या गणनेतून आकाराची ही किंमत आणि औषध बसल्यानंतरचे आकर्षण या दोहोंचाही वाटा असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी डोरोथी केर्न यांच्या गटाने प्रयोगांवरून वेगळा निष्कर्ष काढला. औषध बसल्यानंतर ॲबलमध्ये होणारा संथ आकारबदल हेच मुख्य कारण असल्याचे त्यांचे म्हणणे होते. हा संथ बदल सदृशीकरणाच्या आवाक्याबाहेरच्या काळात घडतो. औषध बसते कसे हे ठाऊक असूनही ते एका प्रथिनाला का निवडते याचे उत्तर काळाच्या पडद्याआड राहू शकते, हे या वादातून दिसून येते.

इंटिग्रेज आणि श्रेयाचा प्रश्न

एचआयव्हीचे इंटिग्रेज हे विकर विषाणूचा डीएनए मानवी डीएनएमध्ये घुसवते. मॅकॅमन यांच्या गटाने २००४ मध्ये त्याच्या सदृशीकरणात, स्फटिकरचनेत न दिसणारी एक चर ठरावीक काळ उघडी पडते आणि औषधाचे रेणू तिच्यात बसू शकतात, असे दाखवले. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये राल्टेग्राव्हिर हे पहिले इंटिग्रेज-निरोधक औषध मान्य झाले. या दोन घटना जोडून राल्टेग्राव्हिर हे सदृशीकरणातून जन्मलेले औषध असल्याचे अनेक ठिकाणी लिहिले जाते. हे विधान जपून करावयास हवे. या वर्गातील संयुगे त्याआधी काही वर्षे प्रयोगशाळेतील चाचण्यांतून माहीत झालेली होती. २००४ च्या सदृशीकरणात विषाणूचा डीएनए नव्हता. २०१० मध्ये संबंधित विषाणूच्या इंटिग्रेजची डीएनएसह रचना मिळाली, तेव्हा औषध धातूच्या आयनांना धरून डीएनएचे टोक बाजूला सारते असे दिसले. सदृशीकरणाने विचाराला दिशा दिली एवढे म्हणणे योग्य ठरते.

मर्यादा

पहिली मर्यादा काळाची आहे. औषधाचा परिणाम ते किती घट्ट बसते याइतकाच किती वेळ बसून राहते यावरही अवलंबून असतो. स्तनाच्या कर्करोगावरील लॅपॅटिनिब आपल्या लक्ष्यापासून निम्म्या प्रमाणात सुटण्यास सुमारे ३०० मिनिटे लागतात. २ फेम्टोसेकंदांच्या पावलांनी तेवढा काळ चालायचे तर नवावर अठरा शून्ये इतकी पावले होतील. म्हणून औषधाला कृत्रिम बलाने बाहेर ओढणे, ऊर्जेचे खड्डे गणिताने भरत जाणे किंवा असंख्य छोट्या सदृशीकरणांची सांगड घालणे असे उपाय योजले जातात. यांतील प्रत्येक उपाय स्वतःची गृहीते सोबत आणतो.

दुसरी मर्यादा बलक्षेत्राची. अणूंवरील विद्युत्प्रभार सामान्यतः कायम धरलेले असतात, प्रत्यक्षात ते भोवतालानुसार बदलतात. नेहमीच्या रेणवीय गतिकीत रासायनिक बंध तुटत किंवा जुळत नाहीत. त्यामुळे प्रथिनाशी सहसंयुजी बंध जोडणाऱ्या औषधांसाठी पुंजयामिकीची जोड द्यावी लागते.

तिसरी बाब साधी, पण घातक आहे. क्ष-किरणांनी मिळालेल्या रचनेत हायड्रोजनचे अणू बहुधा दिसत नाहीत. ते कोठे जोडायचे हे संशोधकाला ठरवावे लागते. बंधस्थानातील एखाद्या हिस्टिडिनवर हायड्रोजन चुकीच्या नायट्रोजनला लावला गेला, तर पुढचे सारे महिनोन्महिन्यांचे गणित निर्दोष चालूनही उत्तर चुकते.

२०२४ मध्ये आलेल्या अल्फाफोल्ड-३ सारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली लिगँडसह प्रथिनाची रचना काही मिनिटांत वर्तवतात. त्या मुख्यतः अंतिम स्थिती सांगतात. वाट व वेग यांसाठी मुख्यतः भौतिकशास्त्रावर आधारित सदृशीकरण करावे लागते.

भारतातील संशोधन

भारतात या विषयाला अनुकूल पूर्वपीठिका होती. जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रास येथे प्रथिनाच्या साखळीला कोणती वळणे शक्य आहेत याचा आलेख मांडला. सदृशीकरणातील रचना तपासण्यासाठी जगभर तो आजही वापरला जातो. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. याच केंद्रात जैवमाहितीशास्त्राचा स्वतंत्र गट असून तो देशातील संशोधकांना संगणनाची सुविधा पुरवतो. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील बी. जयराम यांच्या गटाने संजीवनी ही औषधरचनेची संगणकीय प्रणाली विकसित केली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद केंद्रातील जगन्नाथ मोंडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये लायसोझाइम या विकराच्या एका उत्परिवर्तित रूपाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या रूपातील बंद पोकळीत, जेथे स्फटिकरचनेत कोणतीही वाट दिसत नाही, बेन्झीनचा रेणू प्रथिनाच्या हालचालींमुळे कसा पोहोचतो, हे त्यांनी अणूंच्या पातळीवर दाखवले.